पेंढ्याचे कंपोस्ट आणि भाताचे तीन रोग: एका एकराचे प्रकरण

पेंढा कुजवून शेतात घातला की भातावरचे रोग कमी होतात, हे विधान अर्धेच खरे आहे. कोणता रोग, कोणत्या खाचरात आणि ढीग कसा लावला होता, हे कळल्याशिवाय त्यावरून काहीच ठरवता येत नाही. म्हणून इथे एकच परिस्थिती मुळापासून शेवटपर्यंत तपासली आहे: एक एकर (४,००० चौरस मीटर) लावणीचा भात, एकाखाली एक तीन खाचरे, प्रत्येकात वेगळा रोग आणि मळणीनंतर पडून असलेला सुमारे दोन टन पेंढा. हे कोणा एकाचे शेत नाही. अशी शेते पुष्कळ असतात आणि त्यांत जे नेहमी दिसते तेच इथे एकत्र घेतले आहे.

शेताची स्थिती

जमीन हलकी, वाळूसर पोयट्याची. वरच्या खाचरात पाणी टिकत नाही, तर खालच्या खाचरातून ते सहज निघत नाही. पेंढा वर्षानुवर्षे शेताबाहेर जात आला आहे, कधी वैरणीला तर कधी जाळायला. खत म्हणजे युरिया आणि थोडे डीएपी (नत्र व स्फुरद देणारे खत). पालाश (पोटॅश) कित्येक हंगामांत पडलेला नाही. गेल्या दोन हंगामांत जाळणे बंद करून कच्चा पेंढा लावणीच्या पाच-सहा दिवस आधी चिखलात गाडला. लावणीनंतर तीन आठवडे रोपे पिवळी राहिली, म्हणून युरियाचा हप्ता वाढवला. नंतर पीक एकदम हिरवेगार झाले आणि रोगही वाढले.

वरच्या खाचरात पानांवर ठिपके आले. त्यांना करपा समजून ट्रायसायक्लाझोल फवारले, पण फरक पडला नाही. पडणारही नव्हता, कारण हे औषध करप्याच्या बुरशीपुरते आहे आणि हा रोग करपा नव्हता. करप्याचा ठिपका दोन्ही टोकांना निमुळता, डोळ्याच्या आकाराचा आणि मध्ये राखाडी असतो. इथले ठिपके तिळाच्या आकाराचे, अंडाकृती, भोवती पिवळसर वलय असलेले आणि पानभर सारखे विखुरलेले होते. दाण्यांवरही काळपट डाग. हा तपकिरी ठिपक्यांचा रोग, बायपोलॅरिस ओरायझी या बुरशीचा. तो बहुतेक वेळा उपाशी जमिनीवर येतो. पालाश, सिलिकॉन किंवा मँगनीज कमी असेल किंवा मुळे आजारी असतील, तिथे हमखास. त्याला किरकोळ समजण्याची चूक मात्र करू नये: १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाची चर्चा निघाली की १९४२ च्या भातावर पडलेल्या याच रोगाचे नाव निघते. दुष्काळात त्याचा वाटा किती, यावर वाद आहेत. पिकाचे नुकसान मोठे झाले, यावर नाहीत.

खालच्या खाचरात पर्णकोष करपा. पाण्याच्या रेषेच्या जरा वर, पानाच्या देठकोषावर हिरवट-राखाडी लंबगोल चट्टे, कडा तपकिरी. सुरुवात वारा पाणी ढकलतो त्या कोपऱ्यातून. रायझोक्टोनिया सोलानी ही बुरशी बीजाणूंवर फारशी अवलंबून नसते. कोषावर ती १ ते ५ मिलिमीटरच्या तपकिरी गाठी करते, त्यांना स्क्लेरोशिया म्हणतात. या गाठी गळून मातीत पडतात आणि पुढच्या चिखलणीत पाण्यावर तरंगून वर येतात.

मधल्या खाचरात दाणे भरताना पीक लोळले. कारण वाऱ्याचे नव्हते. कापणीनंतर उभ्या राहिलेल्या खोडाचा पाण्याच्या रेषेपाशी बोटभर तुकडा कापून नखाने उभा चिरला की आतल्या पोकळीत राखाडी कापसासारखी वाढ दिसते आणि तिच्यात पाव मिलिमीटरचे काळे, गोल कण. बोट फिरवले तर ते बोटाला चिकटून येतात. ही खोडकुज, स्क्लेरोशियम ओरायझीची. या कणांची जागा लक्षात ठेवायला हवी, कारण पुढचे बरेच निर्णय तिच्यावर ठरतात: ते पेंढ्यात कमी आणि शेतात उभ्या राहिलेल्या धसकटात जास्त असतात.

पालाशचा हिशेब

कोरड्या पेंढ्यात साधारण ०.५ ते ०.८ टक्के नत्र, १.४ ते २ टक्के पालाश (K₂O) आणि ४ ते ७ टक्के सिलिकॉन असतो. म्हणजे या एकरातून दरवर्षी बाहेर जाणाऱ्या दोन टन पेंढ्याबरोबर २८ ते ४० किलो पालाश आणि ८० ते १४० किलो सिलिकॉन जातो. दोन टन धान्याबरोबर जाणारा पालाश जेमतेम सहा किलो. धान्य विकल्याने जमीन पालाशला मुकत नाही, पेंढा गेल्याने मुकते. माती परीक्षणात विनिमयक्षम (पिकाला सहज घेता येणारा) पालाश किलोला ८० मिलिग्रॅमच्या (०.२ सेंटिमोल) खाली आला, तर भाताला तो अपुरा समजावा. वरच्या खाचराचा अहवाल अशा वेळी बहुधा त्याखालीच येतो.

सिलिकॉनचे काम दुहेरी आहे. पानाच्या बाहेरच्या पातळ मेणचट आवरणाखाली त्याचा थर बसतो, त्यामुळे बुरशीला आत शिरणे अवघड जाते. शिवाय सिलिकॉन मिळालेले रोप हल्ल्याला लवकर प्रतिसाद देते. तपकिरी ठिपके आणि करपा या दोन्हींवर हा परिणाम चांगला दिसतो. पक्व पेंढ्यात सिलिकॉन ५ टक्क्यांखाली असेल तर पिकाला तो कमी पडला, असा ढोबळ निकष आहे. पालाशची कमतरता खोडकुजीला थेट वाव देते.

जाळण्याच्या बाजूने एक मुद्दा खरा आहे: आगीत रोगाच्या गाठी मरतात. पण त्यात नत्र जवळपास सगळे जाते, स्फुरद सुमारे पाव, पालाश सुमारे पाचवा हिस्सा. राख एका जागी राहिली तर उरलेला पालाशही त्याच जागी साचतो. आणि आग पेंढ्याला लागते. ओल्या धसकटाच्या बुडाला ती क्वचितच पोचते.

कच्चा पेंढा का नडला

पेंढ्यात कर्ब (कार्बन) सुमारे ४० टक्के, म्हणजे कर्ब-नत्र गुणोत्तर ६० ते ७० च्या घरात. असा माल चिखलात गाडला की जिवाणू तो फोडायला जमिनीतलेच नत्र उचलतात, म्हणून रोपे पिवळी. पाण्याखाली प्राणवायू नसल्याने ॲसेटिक आम्लासारखी सेंद्रिय आम्ले आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतात, म्हणून मुळे काळी. लोह कमी असलेल्या वाळूसर जमिनीत सल्फाइड बांधून ठेवायला काही नसते. जपानमध्ये अकिओची म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विकारात हेच होते: मूळ सडते, पालाश व सिलिकॉन उचलला जात नाही आणि पाठोपाठ तपकिरी ठिपके येतात. मग पिवळेपणा घालवायला दिलेला वाढीव युरिया आणि जिवाणूंनी अडवून ठेवलेले नत्र एकाच वेळी, फुटवे दाटायच्या सुमारास, पिकाला मिळतात. पर्णकोष करप्याला यापेक्षा सोयीचे काही नाही: दाट छत्र, कोवळा कोष, आत कोंडलेली दमट हवा.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. रायझोक्टोनिया मेलेल्या काडीवरही मजेत जगते. अर्धकच्च्या पेंढ्यात मोकळे सेल्युलोज भरपूर असते, तोवर तिला अन्न मिळतेच. आणि ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशांना खाणारी उपयोगी बुरशी, तोही त्याच सेल्युलोजवर भागवतो, शिकारीच्या मागे लागत नाही. म्हणून अपुऱ्या कुजलेल्या कंपोस्टात ट्रायकोडर्मा मिसळून घातला, तरी पर्णकोष करप्यावर परिणाम शून्य, कधी उलटाही. कंपोस्ट घालूनही रोग वाढला, ही तक्रार खोटी नसते. कंपोस्ट अपुरे असते.

ढीग

सुरुवात कापणीपासून होते. खोडकुजीच्या मधल्या खाचरात आणि खालच्या खाचराच्या रोगट कोपऱ्यात कापणी जमिनीलगत, जास्तीत जास्त ५ सेंटिमीटरवर. नेहमीसारखे १५-२० सेंटिमीटर बूड सोडले, तर रोगाचा साठा शेतातच राहतो आणि ढिगात निरोगी भाग कुजत बसतो. यंत्राने कापणी झाली असेल तर धसकट आणखी उंच राहते. तेव्हा ते नंतर विळ्याने किंवा कटरने काढून ढिगात आणावे. मजुरी लागते, पण सबंध एकराला नाही, रोगट पट्ट्याला.

पेंढा १० ते १५ सेंटिमीटरचे तुकडे करून घ्यावा. अख्खा पेंढा कुजायला चार महिन्यांहून जास्त लागतात आणि ढिगात पोकळ्या राहून तो तापत नाही. अगदी बारीक, दोन-तीन सेंटिमीटरचा केला तर भिजल्यावर दबतो आणि आत हवा जात नाही.

दोन टन पेंढ्यात सुमारे ८०० किलो कर्ब व १२ किलो नत्र. त्यात एक टन ताजे शेण घातले तर ७५ किलो कर्ब व साडेचार किलो नत्र वाढते. गुणोत्तर ५३ च्या आसपास येते. वर २० किलो युरिया, म्हणजे ९.२ किलो नत्र, दिले की ते ३४ पर्यंत उतरते. सुरुवातीला एवढे पुरे. ३० च्या खाली आणायच्या नादात युरिया वाढवला, तर जास्तीचे नत्र अमोनिया होऊन उडते आणि डोळे चुरचुरतात. युरिया नको असेल तर तेवढ्या नत्रासाठी गिरिपुष्पासारखा कोवळा पाला सुमारे १,३०० ते १,४०० किलो लागेल. मूठभर पाला टाकून गुणोत्तर हलत नाही. चुना आणि युरिया एका ढिगात कधीच नको, नत्र हातचे जाते.

पाणी: सगळ्या मालाचा ओलावा ६० टक्क्यांवर आणायला सुमारे २,००० लिटर लागते, पण पेंढ्यावर मेणाचा थर असल्याने पहिले पाणी निसटून जाते. प्रत्यक्षात दोन-तीन दिवसांत मिळून २,५०० ते ३,००० लिटर धरावे. मूठभर माल पिळला की बोटांच्या फटीत पाणी दिसावे, धार लागू नये.

हे निसटणारे तपकिरी पाणीच सर्वांत मोलाचे. पेंढ्यातला पालाश पाण्यात विरघळणारा असतो, कुजण्याची वाट पाहत नाही. ढीग उघड्यावर पावसात भिजला, तर काळेभोर, सुगंधी, छान दिसणारे कंपोस्ट मिळते आणि ज्या पालाशसाठी ते केले तो ढिगाखालच्या मातीत जिरलेला असतो. वरच्या खाचराच्या दृष्टीने तो ढीग वाया गेला. म्हणून जागा उंचवट्याची, तळाला जाड प्लास्टिक, एका बाजूला उतार आणि उताराच्या टोकाला प्लास्टिक अंथरलेला छोटा खड्डा. खड्ड्यातले पाणी रोज परत ढिगावर. पाऊस असेल तर वर ताडपत्री, खालून हात-दीड हात हवेला मोकळी ठेवून.

रचना: तळाला १५ सेंटिमीटर जाड काटक्या किंवा तुरीसारखी टणक खोडे. त्यावर २० सेंटिमीटर भिजवलेला पेंढा, त्यावर शेणकाला शिंपडायचा, पायाने हलके दाबायचे, पुन्हा थर. निम्मा युरिया शेणकाल्यात विरघळवून थरांवर द्यावा, उरलेला पहिल्या पलटणीला. तयार ढीग तळाशी २ मीटर रुंद, माथ्याला १ मीटर, उंची १.५ मीटर आणि लांबी सुमारे ६ मीटर. यापेक्षा फार लहान ढीग उष्णता नीट धरत नाही. दोन मीटरच्या वर उंच केला तर तळ गुदमरतो.

तापमान, आणि पलटणीचे गणित

ढिगाकडून दोन कामे करून घ्यायची आहेत: पेंढा कुजवणे आणि रोग मारणे. कुजवण्याचे काम थोड्या हयगयीनेही होते, रोग मारण्याचे होत नाही. ओल्या ढिगात ५५ अंश सेल्सिअस सलग तीन दिवस टिकले, की या तिन्ही बुरश्यांच्या गाठी व तंतूंसाठी ते पुरेसे समजावे. अडचण अशी की हे तापमान ढिगाच्या गाभ्याचे असते. बाहेरचा २५ सेंटिमीटरचा थर हवेने गार राहतो. वरच्या मापाच्या ढिगात हा गार थर ४६ टक्के भरतो, म्हणजे जवळपास निम्मा ढीग!

पलटताना माल नुसता उलटापालटा केला, तर प्रत्येक वेळी बाहेर पडणारा वाटा तोच राहतो. पलटण न करता ४६ टक्के माल कधीच तापत नाही; एका पलटणीनंतर २१, दोन पलटणींनंतर १०, तिसऱ्यानंतर साडेचार टक्क्यांच्या आसपास न तापलेला उरतो. म्हणून किमान तीन पलटण्या, आणि त्याही जाणीवपूर्वक: दाताळ्याने आधी बाहेरचा थर ओढून वेगळा काढायचा, नव्या ढिगाच्या मध्यभागी तो घालायचा आणि गाभ्यातला माल वर पांघरायचा. तळाचा कोपरा आणि कडेची सांडलेली काडी नेहमी विसरली जाते. पुढच्या हंगामाचा रोग तिथून परत शेतात जातो.

पलटायची वेळ कॅलेंडरवर नाही, तापमापकावर ठरवावी. तीन ठिकाणी, ५०-६० सेंटिमीटर आत, रोज एकाच वेळी मोजावे. साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी ५५ ओलांडते. तीन दिवस टिकून पारा उतरायला लागला की पलटायचे. ६५-७० च्या वर गेला तर लगेच पलटून पाणी द्यावे, नाहीतर आत पांढरी कोरडी जाळी धरते आणि कुजणे थांबते. लोखंडी सळई खुपसून बघायची पद्धत आहे: दहा मिनिटांनी काढलेली सळई हातात धरवत नसेल तर आत पन्नाशीच्या पुढे आहे. एवढेच ती सांगते. ५२ की ५८ हे तिला कळत नाही, आणि इथे फरक नेमका त्याचाच आहे.

ढीग तापलाच नाही, तर कारणे बहुधा तीन. काडी आतून कोरडी खळखळते, म्हणजे पाणी कमी. आंबट-कुजका वास, म्हणजे पाणी जास्त आणि हवा कमी. उकलून काटक्या मिसळाव्यात. वास नाही, ओल ठीक, तरी गार, म्हणजे नत्र कमी किंवा ढीग लहान. गार राहिलेला रोगट पेंढ्याचा ढीग शेतात नेऊ नये. फळझाडांना चालेल, भाताला नाही.

पिकलेपणाची परीक्षा

तीन पलटण्यांनंतर ढीग आणखी सहा-सात आठवडे ओलसर ठेवून मुरू द्यावा. एकूण दहा ते बारा आठवडे. मग तीन तपासण्या कराव्यात. माल ओला करून पलटला तरी तापमान हवेपेक्षा पाच-सात अंशांहून वर चढू नये. ओलसर नमुना प्लास्टिक पिशवीत तीन दिवस बंद ठेवून उघडला तर मातीचा वास यावा, आंबट किंवा अमोनियाचा नाही. आणि एक भाग कंपोस्ट, दहा भाग पाणी असा काढा गाळून त्यावर मोहरीचे २५ बी उगवून पाहावे. साध्या पाण्यावरच्या उगवणीच्या ८० टक्के तरी यावेत. शेवटची चाचणी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत बोलकी असते. काडी बोटांत धरून ओढली की तुटावी, हेही पाहून घ्यावे. ताणली जात असेल तर सेल्युलोज अजून शिल्लक आहे.

दोन टन पेंढ्यातून साधारण १.७ ते १.८ टन ओलसर कंपोस्ट हाती येते. कोरडा माल निम्म्याच्या आसपास उडून गेलेला असतो, पण गळ थांबवली असेल तर पालाश आणि सिलिकॉन जवळपास सगळा आत.

ट्रायकोडर्मा आता, आधी नाही. तो २५ ते ३० अंशांत वाढतो. तापणाऱ्या ढिगात घातलेले पाकीट शिजून जाते. ढीग ३५ च्या खाली स्थिरावल्यावर १०० किलो पिकलेल्या कंपोस्टात १ किलो भुकटी (ग्रॅमला किमान २० लाख जिवंत बीजाणू असलेली, मुदतीतली) मिसळावी, ओलावा ४० ते ५० टक्के, सावलीत गोणपाटाखाली ७ ते १० दिवस, मध्ये एकदा हलवून. हिरवी बुरशी पसरलेली दिसली की ते उरलेल्या ढिगात कालवता येते. पण अपेक्षा मोजून ठेवाव्यात: पाण्याखालच्या चिखलात प्राणवायू नसतो आणि ट्रायकोडर्माला तो लागतो. त्याचे खरे काम ढिगात आणि गादीवाफ्यावर होते, खाचराच्या तळाशी नाही.

शेतात कसे वाटायचे

सारखे पसरू नये. एका एकराच्या लावणीसाठी ४०० चौरस मीटर रोपवाटिका धरली, तर चौरस मीटरला १ किलोप्रमाणे ट्रायकोडर्मा वाढवलेले ४०० किलो तिथे. उरलेल्या १,३०० ते १,४०० किलोतले निम्म्याहून जास्त वरच्या खाचरात, कारण पालाश-सिलिकॉनची भूक तिथे आहे आणि कंपोस्टने हलकी जमीन पाणीही जरा धरते. बाकीचे मधल्या खाचरात. खालच्या खाचराला या वर्षी काही नाही दिले तरी चालेल. रोगट खाचराला आधी खत, हा हिशेब इथे चुकीचा ठरतो. पर्णकोष करप्याच्या खाचराला आणखी पोसण्याची गरज नाही.

पिकलेले कंपोस्ट लावणीच्या ७ ते १० दिवस आधी वरच्या १०-१२ सेंटिमीटरमध्ये मिसळावे. परीक्षेत कमी पडलेले असेल आणि दुसरा इलाज नसेल, तर किमान तीन आठवडे आधी. नत्राचा हिशेब बदलायला हवा: या कंपोस्टात मिळून १८ ते २० किलो नत्र असले तरी पहिल्या हंगामात त्यातले थोडेच सुटते. म्हणून युरिया एकदम निम्म्यावर आणू नये, पण जुना वाढीव हप्ता बंद करावा आणि फुटव्यांपासून पुढचे हप्ते पानाच्या रंगाच्या तक्त्यावर ठरवावेत. कंपोस्ट घालून शिवाय नेहमीचा पूर्ण युरिया देणे ही या पद्धतीतली सर्वांत सामान्य चूक आहे.

खालच्या खाचराचा उपाय वेगळा आणि फुकटचा आहे. चिखलणीनंतर वाऱ्याच्या टोकाच्या कोपऱ्यात जमलेला फेस, काडीकचरा व कोंडा बारीक जाळीने गोळा करून काढावा. त्यात तरंगून आलेल्या स्क्लेरोशिया असतात. तो बांधावर टाकला तर पुढच्या पावसात परत येतो. तापत्या ढिगाच्या गाभ्यात घालावा किंवा जाळावा. लावणी २५ × २० सेंटिमीटर, आणि फुटवे पूर्ण झाल्यावर पाच-सात दिवस पाणी काढून टाकावे. वरच्या खाचराचे पाणी खालच्यातून न जाता वेगळ्या चरातून बाहेर काढता आले तर उत्तम.

तपकिरी ठिपके बियाण्यातूनही येतात आणि तिथे कंपोस्टचा हात पोचत नाही. बियाणे ५३-५४ अंशांच्या पाण्यात १० ते १२ मिनिटे बुडवून लगेच गार करावे. पाणी जास्त तापले तर उगवणीला धोका, म्हणून इथेही तापमापक लागतो.

काय दिसते, आणि कसे मोजायचे

वरच्या खाचरात फरक पहिल्याच हंगामात दिसायला हवा: वरच्या तीन पानांवरचे ठिपके कमी, मुळे पांढरी-तांबूस, दाण्यांवर डाग कमी. मधल्या खाचरात दुसऱ्या हंगामापासून, कारण मातीत आधीच पडलेले खोडकुजीचे कण कंपोस्टने मरत नाहीत. दरवर्षी भर पडणे थांबले की साठा हळूहळू ओसरतो. खालच्या खाचरात जो फरक पडेल तो कंपोस्टचा नसून फेस काढण्याचा, अंतराचा आणि युरियाचा असेल. तो कंपोस्टच्या नावावर मांडू नये.

हे अंदाजाने ठरवायचे नसेल तर वरच्या खाचरात १०० चौरस मीटरचे तीन पट्टे आखावेत. एकाला कंपोस्ट, एकाला काहीच नाही, आणि तिसऱ्याला कंपोस्टऐवजी १.२५ किलो म्युरेट ऑफ पोटॅश, म्हणजे एकरी ३० किलो पालाशच्या हिशेबाने. युरिया तिन्हींना सारखा. पट्ट्यांमध्ये छोटा बांध घालावा, नाहीतर पालाश पाण्याबरोबर शेजारी जातो. निसवल्यानंतर (लोंब्या बाहेर आल्यावर) प्रत्येक पट्ट्यातली २५ चुडे (एका जागी लावलेल्या रोपांचे झुबके) पाहावीत, कडेच्या दोन ओळी सोडून. तपकिरी ठिपक्यांसाठी वरच्या तीन पानांचा किती टक्के भाग बाधित, ते लिहावे. पर्णकोष करपा मोजायचा तर सर्वांत वरच्या चट्ट्याची उंची भागिले रोपाची उंची, गुणिले १००. २० च्या आत असेल तर चिंता नाही, ६५ च्या वर गेले तर शेवटचे पानही धोक्यात. खोडकुजीसाठी मधल्या खाचरातले ५० फुटवे कापणीच्या दिवशी पाण्याच्या रेषेवर चिरून किती काळे निघाले ते मोजावे.

पोटॅशचा पट्टा आणि कंपोस्टचा पट्टा सारखेच निघाले, तर शेताला पालाश हवा होता आणि पेंढा न कुजवता पोत्यातूनही तो भागला असता; कंपोस्टची मजुरी मग धसकटे काढण्यात घालवावी. कंपोस्टचा पट्टा स्पष्टपणे सरस निघाला, तर सिलिकॉन आणि मुळांची सुधारणा काम करते आहे, आणि पुढच्या वर्षी दोन टनांतली एक काडीही शेताबाहेर जाऊ देऊ नये. आणि दोन्ही पट्टे मोकळ्या पट्ट्याइतकेच ठिपकाळलेले निघाले, तर प्रथम बियाणे तपासावे, मग मँगनीज.